कामासाठी परदेशी, पाहुणे म्हणूनही : पंडिता रमाबाईंची अमेरिका

आपल्या बेटावरून परदेशी जाणारी तरुण मुले आता पुष्कळ झाली आहेत. कोणी शिकायला जातो, कोणी नोकरीला जातो, आणि अलीकडे काही मुलेमुली एखाद्या संस्थेमार्फत दूरच्या देशातील खेड्यात काही महिने सेवेचे काम करायलाही जातात. शाळा बांधणे, पाण्याची सोय करणे, बायकांच्या बचतगटाचा हिशेब लावून देणे, अशी ही कामे असतात. घरून निघताना आईबाप सांगतात, "काम नीट कर." आणि शेजारी म्हणतात, "एवढ्या लांब जातोस, तर देशही पाहून घे." दोन्ही सल्ले चांगलेच आहेत. पण तिथे पोचल्यावर ते एकत्र पाळणे अवघड जाते. ज्या लोकांच्या अडचणीवर काम करायला आलो, त्यांच्याच गावात कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडावे का? देणगीच्या पैशातून प्रवास झाला असेल, तर एक दिवस धबधबा पाहण्यात घालवणे बरे दिसेल का? उलट, नुसते कामच करून परत आलो, तर ज्यांच्यासाठी काम केले त्यांना आपण ओळखले तरी का?

हा प्रश्न आम्हा बेटवासीयांना दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. आपल्या किनाऱ्यावर वर्षभर पाहुणे येतात. गणपती विसर्जनाच्या दिवशी त्यातले काही जण हात जोडून बाजूला उभे राहतात, काही जण मूर्तीच्या आणि बायकांच्या मध्ये घुसून फोटो काढतात. पाहुणा कोण आणि उपटसुंभ कोण, हे आपल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच परदेशी जाताना आपण स्वतः कोणत्या रांगेत उभे राहणार, याचा विचार आपण करायला हवा.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एका मराठी बाईची आठवण झाली. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिथे राहिल्या. त्या कामासाठी गेल्या होत्या, शिकण्यासाठी गेल्या होत्या, आणि त्यांनी तो देश डोळे उघडे ठेवून पाहिलाही. ही तिन्ही कामे त्यांनी कशी जमवली, ते आज वाचण्यासारखे आहे.

कोण होत्या रमाबाई

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान. मुलीला वेदशास्त्र शिकवू नये असे मानण्याच्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत भारतभर पायी हिंडले. दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊबहीण फिरत फिरत कलकत्त्यास पोचली, आणि १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी या तरुण बाईला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. थोड्याच काळात भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे मुलींच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या.

म्हणजे प्रवास हा त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. पण तो हौसेचा प्रवास नव्हता. अन्नासाठी, विद्येसाठी आणि आसऱ्यासाठी केलेली ती पायपीट होती. अशा माणसाला परक्याच्या दारात कसे उभे राहायचे हे आपोआप कळते. आपल्या बेटावर रत्नागिरी-साताऱ्याकडून जहाजाने आलेल्या पूर्वजांनाही ते असेच कळले असणार.

निमित्त एका पदवीचे

रमाबाई अमेरिकेस गेल्या त्याचे पहिले निमित्त आनंदीबाई जोशी यांचे. कल्याणच्या आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना आपल्या घरी मुलीसारखे ठेवून घेतले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांच्या आमंत्रणावरून रमाबाई लिव्हरपूलहून निघाल्या, हिवाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रातून मार्चच्या आरंभी फिलाडेल्फियास पोचल्या आणि त्या समारंभाला हजर राहिल्या. दोघी नात्याने दूरच्या बहिणी लागत, पण भेट झाली ती परदेशातच.

आनंदीबाई भारतात परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवलेली आहे. पाहुणी म्हणून आलेली मुलगी यजमानाच्या घरची झाली, याचा याहून मोठा पुरावा कोणता? अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या वाचकांनी न्यूयॉर्क पाहताना एक दिवस पोकिप्सीसाठीही ठेवावा असे आम्हाला वाटते. तिथे जाताना दोन फुले न्यावीत.

आधी शिकणे, मग मागणे

रमाबाई काही महिन्यांसाठी आल्या होत्या. पण त्यांच्या मनात एक योजना होती. उच्चवर्णीय हिंदू घरांतील बालविधवांसाठी, त्यांना शिकून स्वतःच्या पायावर उभे राहता येईल अशी शाळा काढायची. त्यासाठी पैसे हवे होते, आणि पैशांच्या आधी ज्ञान हवे होते. म्हणून त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाची फ्रोबेलची पद्धत, म्हणजे किंडरगार्टन, फिलाडेल्फियात रीतसर शिकून घेतली. संस्कृतची पंडिता, हंटर कमिशनपुढे बोललेली बाई, ती विद्यार्थिनी होऊन लहान मुलांचे ठोकळे आणि रंगीत कागद हाताळू लागली. दुसऱ्याच्या देशात काम करायचे तर आधी विद्यार्थी व्हावे, हा पहिला धडा.

पैसे मागताना मात्र मोठे धर्मसंकट होते. १८८७ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात छापले गेले. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्याचे नाव, आणि प्रस्तावना डॉ. बॉडली यांची. त्यात बालविवाह, विधवांचे हाल, मुलींना न मिळणारे शिक्षण, हे सगळे स्पष्ट लिहिले होते. परक्यांपुढे घरचे दुःख उघडे केले म्हणून मायदेशी अनेकांना राग आला. तो राग अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या बेटावरची एखादी गरीब वस्ती परदेशी माणसाने फोटोत टिपली आणि तेवढाच आपला देश म्हणून दाखवला, तर आपल्यालाही लागतेच.

पण रमाबाईंचे पुस्तक रडगाण्याने संपत नाही. शेवटी त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. स्वावलंबन, शिक्षण, आणि आपल्याच देशातल्या स्त्री शिक्षिका. यातील तिसरी मागणी फार महत्त्वाची आहे. अमेरिकन बायकांनी येऊन आमच्या मुलींना सुधारावे, असे त्यांनी म्हटले नाही. पैसा तुम्ही द्या, शिकवणाऱ्या आमच्या असतील, असे म्हटले. आजच्या विकासकामाच्या संस्थांना हे शहाणपण कळायला पुढे बरीच दशके लागली.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष. दहा वर्षे शाळेला मदत देण्याचे तिने ठरवले, आणि शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती होणार नाही असे ठरले. मग गावोगाव रमाबाई मंडळे निघाली आणि वर्गणी जमू लागली. रमाबाई भाषणे देत या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गेल्या. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेतही त्या बोलल्या. पाश्चात्य पोशाख त्यांनी घेतला नाही. मांसाहार त्यांनी कधीच केला नाही. यजमानांच्या पंगतीला त्या बसत, पण आपले ताट आपले ठेवत. पाहुणा होणे म्हणजे स्वतःला पुसून टाकणे नव्हे, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

डोळे उघडे ठेवून पाहिलेला देश

एवढ्या धावपळीत त्यांनी देश कधी पाहिला? आम्हाला वाटते, कामामुळेच त्यांना देश दिसला. हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाला इमारती दिसतात. रमाबाई लोकांच्या घरी उतरत. शाळा, इस्पितळे, बायकांच्या संस्था, सभा हे सगळे त्यांनी आतून पाहिले. परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून त्यांचे मराठी पुस्तक निघाले. त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. नावातला क्रम पाहा. लोकांची स्थिती आधी, आपला प्रवास नंतर. आजकाल परदेशी जाऊन आलेला माणूस प्रथम स्वतःचे फोटो दाखवतो. या पुस्तकात त्या देशाचा राज्यकारभार आहे, घरसंसार आहे, शिक्षण आहे, धर्मपंथ आणि दानधर्म आहे, व्यापार आहे, आणि स्त्रियांच्या स्थितीवर मोठे प्रकरण आहे.

त्यांना पुष्कळ गोष्टी आवडल्या. सर्वांसाठी असलेल्या सरकारी शाळा आवडल्या. इंग्लंडमधल्यासारखा उच्चनीच दर्जाचा काच तिथे कमी आहे असे वाटले. बायका एकत्र येऊन संस्था चालवतात, दारूविरुद्ध लढतात, हिशेब ठेवतात, सभेत बोलतात, हे पाहून त्या भारावल्या. फ्रान्सिस विलार्ड आणि त्यांच्या दारूबंदी संघटनेशी त्यांचा जवळचा संबंध आला.

पण कौतुकाने त्यांचे डोळे दिपले नाहीत. कोलंबसापासून पुढे युरोपियनांच्या लोभाने त्या भूमीच्या मूळच्या लोकांचे काय झाले, ते त्यांनी मराठी वाचकाला सांगितले. गुलामगिरी कायद्याने गेली तरी काळ्या लोकांविषयीचा तिटकारा गेला नाही, हे लिहिले. त्या देशातील स्त्रियांनाही मताचा हक्क नाही, कायद्यात त्या पुरुषांच्या बरोबरीच्या नाहीत, हेही लिहिले. गुलामीतून स्वतः पळून येऊन इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांना त्या भेटल्या, आणि त्या भेटीची हकीकत त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेला पत्रातून कळवली. ज्या देशाकडे आपण पैसे मागायला आलो, त्याच देशाच्या जखमेकडेही पाहायचे, याला धैर्य लागते. आदर ठेवणे म्हणजे खोटी स्तुती करणे नव्हे. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याची निंदा करू नये असे आपण म्हणतो, ते खरेच. पण निंदा वेगळी आणि खरे बोलणे वेगळे. रमाबाईंनी अमेरिकेतले दोष सांगितले ते चेष्टेच्या सुरात नव्हे. स्वतःच्या घरचे दोष ज्या सुरात सांगितले, त्याच सुरात सांगितले. म्हणून ते कोणाला बोचत नाहीत, पटतात.

परत आल्यावरची परीक्षा

१८८८ च्या अखेरीस रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपान, हाँगकाँग करीत १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोचल्या. ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या दिवसाला बरोबर तीन वर्षे झाली होती. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाच्या बालविधवा होत्या. पुढे त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. ज्या कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले, तेच हे कर्वे. अमेरिकेतल्या गावागावांतून जमलेली वर्गणी कुठवर पोचली, ते यावरून दिसते.

मात्र कथा इथे गोड संपत नाही. सदन पुण्यास हलले, आणि १८९३ मध्ये मोठा वाद झाला. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसतात, म्हणजे धर्माबाबत दिलेला शब्द मोडला, असे पालकांचे आणि 'केसरी'चे म्हणणे. मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझ्या खोलीचे दारही मी बंद करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुली घरी नेल्या गेल्या. या वादात कोण किती बरोबर, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि आम्ही इथे निवाडा देत नाही. पण सेवेच्या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात घ्यावे की परदेशात देणगीदारांना दिलेला शब्द आणि गावात आईबापांना दिलेला शब्द, हे दोन्ही एकाच अर्थाने समजले गेले आहेत ना, हे आधी तपासून घ्यावे. विश्वास एकदा तडकला की तो सांधायला पैसा कामी येत नाही. रमाबाईंचे काम मात्र थांबले नाही. दुष्काळातल्या अनाथ मुलींना घेऊन ते पुण्याजवळ केडगावला वाढले, आणि १९२२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.

उलट दिशेचे प्रवासी

अमेरिकेहून आपल्या मराठी मुलखात आलेल्यांचीही गोष्ट सांगायला हवी. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी पीस कोअर सुरू केले. त्याचे तरुण स्वयंसेवक जगभर गेले, भारतातही ते १९७६ पर्यंत होते. त्या काळात अशा हजारो मुलांनी चांगल्या मनाने कामे केली. पण १९६८ साली इव्हान इलिच या विचारवंताने मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना खडसावले. या देशात जरूर या, डोंगर चढा, फुले पाहा, अभ्यास करा, पण आमचे भले करायला म्हणून येऊ नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्यांची भाषा येत नाही त्यांचे तुम्ही काय भले करणार, हा त्यांचा सवाल. म्हणजे इलिचच्या मते नम्र प्रवासी हा अडाणी समाजसेवकापेक्षा बरा!

इलिचला उत्तर देणारे काही अमेरिकन मात्र आपल्याकडेच सापडतात. मॅक्सीन बर्नसन या १९६६ मध्ये फलटणला मराठी बोलीचा अभ्यास करायला आल्या. आधी त्या भाषा शिकल्या, इतक्या की परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके त्यांनी तयार केली. फलटण त्यांचे गाव झाले, १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि १९८४ मध्ये तिथे प्रगत शिक्षण संस्था काढली. गेल ऑम्वेट यांचा जन्म मिनेसोटातला. महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला त्या आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या पाटणकरांच्या घरी सून झाल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच वारल्या. शेतकरी बायकांच्या मोर्चात त्या मराठीत बोलत. सर्वांनाच असे कायमचे राहता येणार नाही, तशी गरजही नाही. पण दोघींनी आधी भाषा धरली आणि मग काम, हा क्रम सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यालाही पाळता येतो.

आपल्या मुलांसाठी चार गोष्टी

आता आपल्याकडे वळू. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची जुनी दप्तरे आहेत. त्यात एकोणिसाव्या शतकात काढलेले मजुरांचे फोटोही आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी तिथे जाऊन आपल्या पणजोबाचे नाव शोधले असेल. त्या फोटोतली माणसे कॅमेऱ्याकडे कशी पाहतात ते आठवा. फोटो काढू का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. ओळखपत्रासाठी त्यांना उभे केले गेले. अशा माणसांच्या नातवंडांनी परदेशातल्या गरिबाचा फोटो न विचारता काढू नये, एवढे तरी आपण पाळायलाच हवे. विचारावे, नाही म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा, हो म्हटले तर एक प्रत त्यालाही पोचवावी.

दुसरी गोष्ट भाषेची. जाण्याआधी तिथल्या भाषेतले निदान शंभर शब्द शिकावेत. आपण बेटावर क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी, मराठी अशा तीनचार भाषांत वाढतो. हे आपले मोठे धन आहे. नमस्कार, धन्यवाद, माफ करा आणि मला कळले नाही, हे चार शब्द मोडकेतोडके बोलले तरी दार उघडते.

तिसरी गोष्ट पैशाची आणि वेळेची. देणगीच्या पैशात सहल बसवू नये. फिरण्याचे दिवस वेगळे काढावेत, आपल्या खर्चाने काढावेत, आणि ज्यांच्यात काम करतो त्यांना उघड सांगून जावे. त्यांच्यापैकीच कोणाला बरोबर न्यावे. आपल्या गावची टेकडी पाहुण्याला दाखवताना यजमानाला जो आनंद होतो, तो त्याला नाकारू नये. देणाऱ्याला घेण्याची लाज वाटू नये, आणि घेणाऱ्यालाही देण्याची संधी मिळावी. यजमानाने दाखवलेला डोंगर पाहणे हेही कामच आहे.

चौथी गोष्ट परतल्यावरची. घरी आल्यावर तिथली गरिबी तेवढी सांगू नये आणि तिथले वैभव तेवढेही सांगू नये. लोक कसे राहतात, काय पिकवतात, मुलांना काय शिकवतात, बायका काय बोलतात, ते सांगावे. आपल्या मराठी मंडळांत अशा मुलांना एक संध्याकाळ द्यावी आणि म्हाताऱ्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर, हा रमाबाईंचा क्रम तिथेही लावावा.

आपले पूर्वज या बेटावर करारावर आले. देश पाहायला त्यांना कोणी सवड दिली नाही. आज त्यांच्या मुलांना जग पाहण्याची आणि जगाच्या उपयोगी पडण्याची, दोन्ही सवडी मिळत आहेत. ज्या घरात जाल तिथे चपला दाराबाहेर काढा, दिलेला चहा प्या, आणि काम संपल्यावर पुन्हा बोलावतील असे वागून या.